शेजाऱ्याची चूल आणि आपली तिजोरी

फेब्रुवारीत केंद्राचा अर्थसंकल्प मांडला जातो, त्या संध्याकाळी घराघरांत एकच चर्चा असते. प्राप्तिकराची मर्यादा वाढली का, सोने उतरले की चढले, पगारदाराच्या हाती काय उरले. माझी खोड जरा वेगळी आहे. उमेदीची सारी वर्षे सरकारी जमाखर्चाच्या कागदांत गेल्यामुळे असेल, पण मी सहसा कोणी न उघडणारे पान आधी उघडतो. ते म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाच्या मागण्यांचे पान. वकिलातींचे भाडे, राजदूतांचे पगार, पासपोर्टांचा खर्च, आणि त्यातच कुठेतरी दुसऱ्या देशांना आपण देत असलेल्या मदतीच्या काही ओळी. २०२५-२६ सालासाठी या मंत्रालयाला वीस हजार कोटी रुपयांहून थोडी अधिक तरतूद होती. त्यातले २,१५० कोटी एकट्या भूतानसाठी. आकडा कानाला मोठा वाटतो, पण पन्नास लाख कोटींच्या त्या पसाऱ्यात हे सबंध मंत्रालय शंभर रुपयांतले पन्नास पैसेही घेत नाही.

एवढ्याशा रकमेवरही दरवर्षी कोणीतरी विचारतोच. आमच्या गावात नळाला पाणी नाही आणि दुसऱ्या देशाला पैसे कसले देता? प्रश्न उद्धटपणाचा मुळीच नाही. कर भरणाऱ्याने तो विचारायलाच हवा. मला राग येतो तो त्याला मोघम उत्तरे देणाऱ्यांचा. मैत्री, शांतता, विश्वबंधुत्व असे भरजरी शब्द अंगावर टाकले की यांचे काम झाले! या प्रश्नाला एका माणसाने आकड्यांसकट, आपल्याच देशातल्या शेतकऱ्यांसमोर आणि व्यापाऱ्यांसमोर उभे राहून उत्तर दिले होते. तो अर्थशास्त्री नव्हता, पुढारीही नव्हता. त्याने जन्मात कधी मतदानदेखील केले नव्हते. जॉर्ज मार्शल हे त्याचे नाव. शाळेच्या इतिहासात मार्शल योजना म्हणून दोन ओळींत भेटतो तोच हा माणूस.

मार्शल यांचा जन्म ३१ डिसेंबर १८८० चा, पेनसिल्व्हानियातल्या युनियनटाउन या गावी. वडील कोळसा आणि कोकच्या धंद्यात होते. बरे चालले होते, पण जमिनीच्या सट्ट्यात त्यांनी बराचसा पैसा घातला, आणि तो भाव कोसळला तसे घर अडचणीत आले. मुलगा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. पैशाच्या बाबतीत हा माणूस पुढे जन्मभर जपून वागला त्याचे मूळ इथे असावे, असा माझा तर्क आहे. अभ्यासात गती बेताची होती. व्हर्जिनियाच्या लष्करी विद्यालयात जायचे ठरले, तेव्हा याला तिकडे पाठवू नका, हा घराण्याचे नाव घालवील, असे थोरला भाऊ आईला सांगत असल्याचे त्यांच्या कानावर पडले. जिद्दीला एवढे पुरले. १९०१ साली ते तिथून बाहेर पडले ते विद्यार्थ्यांचे सर्वांत वरचे कॅप्टन म्हणून.

लष्करात मात्र बढतीची वाट पाहता पाहता केस पिकायची वेळ आली. लेफ्टनंटचा कॅप्टन व्हायला चौदा वर्षे लागली. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लाखो सैनिक रातोरात एका आघाडीवरून दुसरीकडे हलवण्याचा आराखडा त्यांच्या हातचा होता. रेल्वेगाड्या, घोडे, खंदक, भाकरी, सगळ्याचा हिशेब त्यात आला. तरीही ब्रिगेडियर जनरल व्हायला १९३६ साल उजाडले. १ सप्टेंबर १९३९ रोजी ते अमेरिकेचे लष्करप्रमुख झाले. त्याच दिवशी पहाटे हिटलरचे सैन्य पोलंडमध्ये घुसले होते, आणि मार्शल यांच्या हाती आलेले सैन्य दोन लाखसुद्धा नव्हते.

युद्धाच्या कथा वाचकांनी पुष्कळ वाचल्या असतील, त्यात मी शिरत नाही. मला रस आहे तो या सेनापतीने संसदेकडून पैसा कसा मिळवला यात. मे १९४० मध्ये ते अर्थमंत्री मॉर्गेन्थाउ यांच्याबरोबर अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे गेले होते. रूझवेल्ट बोलण्यात पटाईत. समोरच्याला बोलू न देता हसतमुखाने वाटेला लावण्याची त्यांची हातोटी होती. बैठक संपल्याची खूण झाल्यावर मार्शल खुर्चीजवळ जाऊन उभे राहिले, तीन मिनिटे मागितली, आणि देशाजवळ काय काय नाही ते धडाधड सांगून टाकले. लगेचच काँग्रेसकडे मोठी मागणी गेली. (काँग्रेस म्हणजे तिथली संसद. आपल्याकडच्या पक्षाशी तिचा संबंध नाही, हे तरुण वाचकांसाठी.) तिथे साक्षीला जाताना ते पुष्कळदा गणवेश न घालता साध्या सुटात जात. आकडे तोंडपाठ असत, आणि जे माहीत नसे ते माहीत नाही म्हणत. ऑगस्ट १९४१ मध्ये सक्तीच्या भरतीची मुदत वाढवण्याचे विधेयक कनिष्ठ सभागृहात २०३ विरुद्ध २०२ अशा एका मताने तरले, तेव्हा मार्शल यांच्या शब्दाला किती वजन आहे ते सर्वांना कळले. युद्ध संपेतो सैन्य ऐंशी लाखांवर गेले होते.

नॉर्मंडीवरच्या स्वारीचे नेतृत्व त्यांनाच मिळायचे. रूझवेल्टनी विचारलेही. पण स्वतःसाठी काही मागायचे नाही या हट्टापायी त्यांनी निर्णय अध्यक्षांवर सोडला, आणि ते मानाचे पान आयझेनहॉवर यांच्या ताटात पडले. नोव्हेंबर १९४५ मध्ये निवृत्त होऊन लीसबर्गच्या घरी बाग फुलवायची म्हणून पत्नी कॅथरीनसह ते गेले, तोच ट्रूमन यांचा फोन आला. चीनमध्ये यादवी चालू आहे, समेट घडवायला जा. वर्षभर तिथे राहून ते हात हलवत परत आले. मोठ्या देशाची तिजोरी पाठीशी असली तरी भांडणाऱ्या दोघांना शहाणपण विकत घेऊन देता येत नाही, हे त्यांनी तिथे पाहिले. मदत मागणाऱ्याने आधी आपले घर सावरायची तयारी दाखवावी, हा त्यांचा पुढचा आग्रह बहुधा चीनमधूनच आला असावा.

जानेवारी १९४७ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. तो हिवाळा युरोपात भयानक होता. नद्या गोठल्या, इंग्लंडात कोळसा पोहोचेना म्हणून कारखाने बंद पडले. सबंध युद्धात ज्या ब्रिटनने पावावर रेशन बसवले नव्हते तिथे शांततेच्या काळात ते आले होते. जर्मनीत शहरे ढिगाऱ्यांत, आणि खेड्यातला शेतकरी धान्य विकायला तयार नाही, कारण मिळालेल्या नोटांना बाजारात काहीच मिळत नाही. यंत्रे, गहू, कापूस, सगळे अमेरिकेत आहे, पण ते घ्यायला डॉलर नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मॉस्कोच्या परिषदेत सहा आठवडे घालवल्यावर मार्शल यांची खात्री पटली, की स्टालिनला कसलीच घाई नाही. युरोप जितका खंगेल तितके त्याला बरेच होते.

५ जून १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठात त्यांना मानद पदवी मिळाली. त्याच समारंभात अणुशास्त्रज्ञ ओपेनहायमर होते, कवी एलियट होते. दुपारी मार्शल यांनी दहा-बारा मिनिटांचे भाषण केले, तेही खाली मान घालून, कागदावरून वाचून. वक्तृत्व म्हणाल तर शून्य. त्यातला आशय एवढाच, की आमची लढाई कोणा देशाशी नाही, भुकेशी आणि अंदाधुंदीशी आहे. युरोपने आधी एकत्र बसून आपली गरज आणि आपण काय करणार ते ठरवावे, मग आम्ही हात देऊ. त्या भाषणात डॉलरचा एकही आकडा नव्हता! जमाखर्चाच्या माणसाला हे पाहून आधी धक्काच बसतो. पण थोडा विचार केला की त्यातली चतुराई कळते. आकडा आधी बोलला असता तर युरोपने तेवढा मागितला असता आणि काँग्रेसने तेवढाच कापला असता.

ब्रिटनच्या बेव्हिननी रेडिओवर हे ऐकले आणि लगेच धागा पकडला. रशियाचे मोलोतोव्ह पॅरिसला आले आणि उठून गेले. सोळा देश उरले. त्यांनी बेरीज केली तेव्हा बोलणे २९ अब्ज डॉलरवर गेले. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी.) हे कोणी ऐकूनही घेणार नाही, म्हणून छाटाछाट झाली, आणि डिसेंबरात ट्रूमननी काँग्रेसपुढे सव्वाचार वर्षांसाठी १७ अब्जांची योजना ठेवली.

इथून खरी कसोटी. १९४८ हे अध्यक्षीय निवडणुकीचे वर्ष. दोन्ही सभागृहे विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या हाती. ट्रूमन धूर्त खरेच. आपले नाव दिले तर योजना जागच्या जागी मरेल हे ओळखून त्यांनी ती मार्शलांच्या नावावर केली. पण नावाने पैसे मिळत नाहीत. आपल्याकडे गावच्या पुलाला प्रशासकीय मान्यता मिळाल्याची बातमी येते, फलक लागतात, पेढे वाटले जातात, आणि पूल काही होत नाही, कारण अर्थसंकल्पात त्याला तरतूदच नसते. अमेरिकेतही असेच दोन टप्पे असतात. आधी एका कायद्याने कार्यक्रमाला मान्यता आणि खर्चाची मर्यादा. मग दुसऱ्या समितीकडून, दुसऱ्या कायद्याने, प्रत्यक्ष रोकड. आणि ही रोकड दरवर्षी नव्याने मागावी लागते. परदेशी मदत म्हणजे एकदा दिलेला शब्द, असे आपण समजतो. हिशेबाच्या वहीत तो दरसाल फेडायचा हप्ता असतो.

पहिल्या टप्प्यात मार्शल यांना एक मोठा साथीदार लाभला. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष आर्थर व्हँडेनबर्ग. हे विरोधी पक्षाचे, एके काळी अमेरिकेने जगाच्या भानगडीत पडू नये म्हणणारे. दोघे ब्लेअर हाउसमध्ये गुपचूप भेटत आणि कुठले कलम कसे मांडावे याची खलबते करत. १७ अब्जांचा आकडा कायद्यातून काढून टाका, दरवर्षी जेवढे लागेल तेवढे मागा, हा सल्ला व्हँडेनबर्ग यांचाच. मार्शल यांनी तो मानला. मात्र एका गोष्टीवर ते अडून बसले. जानेवारी १९४८ मध्ये सिनेटच्या समितीपुढे त्यांनी स्पष्ट केले, की द्यायचे तर काम पुरे होईल एवढे द्या, नाहीतर देऊच नका. अर्धवट मदतीने माणूस उठत नाही, नुसता जगतो आणि पुन्हा मागायला येतो.

मग सदुसष्ट वर्षांचा हा जनरल देशभर फिरायला निघाला. कापूस आणि तंबाखू पिकवणाऱ्यांच्या सभा, व्यापाऱ्यांची मंडळे, चर्चच्या संस्था, महिला मंडळे. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या उमेदवाराने फिरावे तसे, आणि तेही कसलीच निवडणूक न लढवता. शेतकऱ्याला त्यांनी भूतदयेचे प्रवचन दिले नाही. तुमचा कापूस विकत घेणारा युरोपच उद्या उभा राहिला नाही तर तुमचे काय, हे विचारले. या योजनेने करदात्याच्या खिशाला चाट बसेल, आणि घरच्या बाजारात काही वस्तूंची टंचाई जाणवेल, हेही लपवले नाही. महिला मंडळांचा प्रतिसाद त्यांना विशेष सुखावून गेला, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. भुकेल्या पोराची गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागली नसणार.

फेब्रुवारीत चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी सत्ता घेतली, आणि जे काम तर्काने होत नव्हते ते भीतीने झाले. हे कबूल करायला हवे. योजनेमागे निव्वळ परोपकार होता असे मार्शल स्वतःदेखील म्हणाले नसते. सिनेटमध्ये ६९ विरुद्ध १७, कनिष्ठ सभागृहात ३२९ विरुद्ध ७४. ३ एप्रिल १९४८ रोजी ट्रूमन यांची सही झाली, आणि महिन्याच्या मध्याला टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरातून गव्हाचे पहिले जहाज फ्रान्सकडे निघाले.

सगळे सुरळीत झाले असे वाटत होते तोच दुसऱ्या टप्प्यावर जॉन टेबर उभे राहिले. हे कनिष्ठ सभागृहाच्या खर्च समितीचे अध्यक्ष, काटकसरीसाठी प्रसिद्ध, आणि आवाज असा की त्यांच्या एका गर्जनेने बहिऱ्या सदस्याचा कान उघडला अशी आख्यायिका आहे. टेबर यांनी जूनमध्ये एक साधी युक्ती केली. बारा महिन्यांसाठी ठरलेली रक्कम पंधरा महिन्यांसाठी आहे असे लिहून टाकले. एवढ्यानेच पाचवा हिस्सा गायब! असल्या खुब्या मी कागदांवर पुष्कळ पाहिल्या आहेत, पण इतकी निरागस दिसणारी क्वचितच. व्हँडेनबर्ग संतापले, सिनेटच्या खर्च समितीपुढे स्वतः जाऊन बोलले. शेवटी रक्कम थोडी छाटली गेली, पण गरज पडल्यास ती बारा महिन्यांतच खर्च करण्याची मुभा राहिली. पहिल्या वर्षी अमेरिकी सरकारच्या खर्चातल्या शंभर डॉलरमागे दहाहून अधिक डॉलर या एका योजनेचे होते. अलीकडच्या काळात तिथली सारी परदेशी मदत शंभरात एकाच्या आसपास असे. आणि लोकांना विचारले तर ते सरासरी पंचवीस सांगत.

हा पैसा चालत कसा असे, ते गृहिणींनाही आवडेल असे आहे. समजा, फ्रान्समधल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर हवा आहे. अमेरिकी सरकार कारखानदाराला डॉलरमध्ये किंमत देणार आणि ट्रॅक्टर जहाजात चढणार. शेतकरी मात्र तो फुकट घेत नाही. त्याने आपल्या फ्रँकमध्ये पैसे मोजायचे. ते फ्रँक फ्रेंच सरकारच्या एका वेगळ्या खात्यात जमा होत, आणि अमेरिकेच्या संमतीने देशातच रेल्वे, वीज, खाणी यांवर खर्च होत. एकाच डॉलरने दोनदा काम केले. जर्मनीने तर आपल्या खात्याचे फिरते भांडवल केले, कर्ज द्यायचे आणि परतफेड आली की पुन्हा द्यायचे. तो निधी आजही लहान उद्योगांना कर्ज देतो आहे.

अमेरिकेनेही आपले हित सोडले नाही. निम्मा माल अमेरिकी जहाजांतूनच गेला पाहिजे, आणि गव्हाचा काही भाग दळून पीठ करूनच पाठवला पाहिजे, अशी कलमे कायद्यात होती. तिथल्या गिरणीवाल्यांचीही सोय! खात्यातले पाच टक्के अमेरिकेच्या वापरासाठी राखलेले असत, आणि त्यातला काही पैसा गुप्तहेर खात्याकडे वळला हे पुढे उघड झाले. हॉलंड एका हाताने ही मदत घेत होता आणि दुसऱ्या हाताने इंडोनेशियाचे स्वातंत्र्य चिरडत होता. त्याविरुद्ध जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली. पुढे मदत तोडण्याची धमकी अमेरिकेकडून मिळाल्यावर हॉलंड नरमला. एकंदरीत १९५१ अखेर योजना संपली तेव्हा तेरा अब्जांवर डॉलर खर्च झाले होते. ती ठरलेल्या मुदतीच्या आधी काही महिने बंद झाली, ही गोष्ट सरकारी योजनांच्या इतिहासात अपूर्वच.

साहजिकच आपल्या मनात येते, की मग आपल्याला काय मिळाले? मार्शल योजना आशियासाठी नव्हती. ट्रूमननी १९४९ मध्ये गरीब देशांना तांत्रिक मदतीची घोषणा केली, तिच्या पहिल्या वर्षासाठी चार कोटी डॉलरही मंजूर झाले नाहीत. १९५१ मध्ये भारतात दुष्काळ पडला. चिंतामणराव देशमुख तेव्हा आपले अर्थमंत्री होते. वीस लाख टन धान्य देणगी म्हणून द्यावे असे ट्रूमननी फेब्रुवारीत सुचवले. काँग्रेसने चार महिने घोळ घातला, बदल्यात भारतातली खनिजे मागून पाहिली, आणि जूनमध्ये १९ कोटी डॉलर दिले ते व्याजी कर्ज म्हणून. युरोपात बव्हंशी देणगी आणि इथे कर्ज, हा फरक नेहरूंच्या मनाला लागला असेल तर नवल नाही. पुढे पीएल ४८० चा गहू आला. आमच्या पिढीने रेशनची परदेशी लाल मिलो खाल्ली आहे. तिची भाकरी थापताना फाटायची, आणि आई पिठाला चिकटपणा यावा म्हणून उकडलेला बटाटा मिसळायची. आम्ही नाके मुरडत खाल्ली, पण खाल्ली. त्या पीएल ४८० च्या गव्हाची किंमतही आपण रुपयांत मोजत होतो, आणि ते रुपये अमेरिकेच्या नावाने इथेच साठत होते, मार्शलांच्या त्या खात्यांसारखेच. साठा इतका झाला की अमेरिकेलाही त्याचे करायचे काय कळेना. फेब्रुवारी १९७४ मध्ये राजदूत मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारताला लिहून दिला, तो तेव्हाचा जगातला सर्वांत मोठ्या रकमेचा धनादेश म्हणून विक्रमांच्या पुस्तकात गेला.

आज ते चित्र पालटले आहे. ही मदत ज्या संस्थेमार्फत साठ वर्षांहून अधिक काळ जात होती ती संस्था अमेरिकेने १ जुलै २०२५ पासून बंद केली, आणि काँग्रेसने आधी मंजूर केलेला परदेशी मदतीचा काही अब्जांचा निधी त्याच महिन्यात काँग्रेसकडूनच परत काढून घेण्यात आला. टेबर असते तर त्यांनी टाळ्या पिटल्या असत्या. बंद करणाऱ्यांचे सगळेच आक्षेप खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण करदात्यासमोर आकडे मांडून, तोटा सांगून, शेवटची तारीख देऊन मदत मागणारा कोणी मार्शल त्या आधीच्या वर्षांत पुढे आलेला मला दिसला नाही.

मार्शल स्वतः आपल्या योजनेची फळे पाहत पदावर बसले नाहीत. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांचे एक मूत्रपिंड काढावे लागले आणि जानेवारीत त्यांनी राजीनामा दिला. मग रेडक्रॉस सांभाळले. कोरियाचे युद्ध पेटल्यावर ट्रूमननी पुन्हा बोलावले म्हणून वर्षभर संरक्षणमंत्री झाले. जून १९५१ मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी या माणसावर देशद्रोहाच्या कटाचा आरोप करणारे लांबलचक भाषण केले. मार्शल यांनी उत्तर दिले नाही. आठवणी लिहिण्यासाठी प्रकाशकांनी भलीमोठी रक्कम देऊ केली, तीही नाकारली. निवृत्तिवेतनावर घर चालत होते. १९५३ चे शांततेचे नोबेल पारितोषिक घ्यायला ते ऑस्लोला गेले, तेव्हा सज्जातून निषेधाची पत्रके भिरकावली गेली. सैनिकाला शांततेचे पारितोषिक कसे, हा आक्षेप त्यांना नवा नव्हता.

१६ ऑक्टोबर १९५९ रोजी वॉशिंग्टनच्या लष्करी रुग्णालयात ते वारले. मोठा सरकारी इतमाम नको, भाषणे नकोत, थोडक्यात उरका, असे त्यांनी लिहून ठेवले होते, आणि त्याप्रमाणे फोर्ट मायरच्या छोट्या चर्चमध्ये प्रार्थना होऊन आर्लिंग्टनला दफन झाले. प्रार्थनेला ट्रूमन आले होते आणि तेव्हाचे अध्यक्ष आयझेनहॉवरही. १९५२ च्या प्रचारात मॅकार्थींच्या राज्यात बोलताना आयझेनहॉवर यांनी आपल्या भाषणातून मार्शलांच्या स्तुतीचा परिच्छेद गाळला होता, आणि तेव्हापासून ट्रूमन त्यांच्याशी धड बोलत नव्हते. त्या दिवशी दोघे एकाच बाकावर शेजारी शेजारी बसले होते.